कॉलेजातल्या ‘लीडर’ पोरांना वॉर्ड ऑफिसपर्यंत नेताना

मागचा_बाक

नमस्कार मंडळी,

उपनगरातल्या एका कॉलेजने यंदा त्यांच्या विद्यार्थी प्रतिनिधींना वर्षभर मार्गदर्शन करायला बोलावलंय. विषयाचं कागदोपत्री नाव ‘नागरी सहभाग आणि समाजनेतृत्व’. पोरं वीसेक: एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजना) लीडर, फेस्टिव्हलचे कोऑर्डिनेटर, डीएलएलईच्या (विद्यापीठाचा आजीवन अध्ययन व विस्तार विभाग) दोन स्टुडंट मॅनेजर, बाकी सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी. याआधी इतर कॉलेजांत हे काम केलंय, त्यामुळे काही मतं बनलीत. ती मांडते, मग तुम्ही तासा.

हल्लीच्या पोरांत धमक नाही, हे आपल्या वयाच्या लोकांचं लाडकं रडगाणं आहे आणि ते मला मान्य नाही. फेस्टिव्हलला प्रायोजक आणणं, ऐनवेळी साउंडवाला गायब झाला तर दुसरा उभा करणं, गेटवरच्या गर्दीला रांगेत लावणं, हे त्यांना आपल्यापेक्षा बरं जमतं. गाडी अडते ती दुसऱ्या दिवशी. कॉलेजचं समाजकार्य म्हणजे बहुतेक वेळा एक सकाळ. हातमोजे घालून चौपाटीवर कचरा, नाक्यावर पथनाट्य, बॅनरमागे फोटो, वडापाव, प्रमाणपत्र. सोमवारी त्या चौपाटीवर काय आहे हे बघायला कुणी फिरकत नाही. त्यामुळे हा कचरा रोज उचलायची जबाबदारी कुणाची आणि तो का उचलला जात नाही, हा प्रश्न कुणाला पडतच नाही.

म्हणून मी प्रत्येक गटाला एकच बारीक विषय देते आणि वर्षभर तोच धरायला लावते. मागे एका गटाने शाळेसमोरचा पुसलेला झेब्रा क्रॉसिंगचा पट्टा घेतला होता. पोरं आधी वाहतूक पोलिसांकडे गेली. ते म्हणाले, रंगवणं पालिकेचं काम. पालिकेत म्हणाले, पोलिसांचं पत्र आणा. पत्र आणलं तर कळलं की रस्त्याचं पुन्हा डांबरीकरण व्हायचंय, त्याआधी रंग मारून काय उपयोग. पोरांनी डांबरीकरणाची तारीख मागितली, ती टळली, नवी मागितली. शेवटी पट्टा रंगला, पण शाळेच्या गेटपासून वीस पावलं लांब! पोरं जाम वैतागली. मी मनातून खूश होते, कारण त्या गटातल्या एकीने ताबडतोब विचारलं, “मॅडम, जागा कोण ठरवतं?” हा प्रश्न तिला व्याख्यानातून पडला नसता.

मार्गदर्शकाने काय करू नये याबद्दल मी जरा हट्टी आहे. अधिकाऱ्याला आधी फोन करून ठेवत नाही. फोन केला की काम होतं, आणि पोरं एवढंच शिकतात की बाईंची ओळख आहे. बैठकीत मागे बसते, तोंड उघडत नाही. बाहेर पडल्यावर टपरीवर चहा घेताना मात्र विचारते: कोण बोललं, कुणाचं कुणी तोडलं, लिहून कुणी घेतलं. दर वेळी दिसतं की मुलगे बोलतात आणि मुली मिनिट्स लिहितात. पुढच्या वेळी उलट करायचं.

तीन ठिकाणी मी अजून चाचपडतेय. विषय कुणी निवडायचा? पुढच्या बॅचच्या हाती काम कसं द्यायचं? आणि कॉलेजला फोटो हवे असतात, त्याचं काय करायचं?

शंकासुर

पहिला मी का? असो.

मॅडम, ज्या राज्यात कॉलेजच्या पोरांना साधा प्रतिनिधी निवडू देत नाहीत तिथे नेतृत्वाचे वर्ग भरवायचे म्हणजे गंमत आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या, मार्कांवर नेमणूक आली. २०१६ च्या कायद्यात निवडणूक पुन्हा लिहिली गेली. माझी दोन्ही पोरं त्यानंतर पदवीधर झाली, मतपेटी काही दोघांनी पाहिली नाही. तुमचे सीआर कुणी निवडले? सरांनी. मग ते नेते कुणाचे?

हजेरीपट

मी एनएसएसचा प्रोग्रॅम ऑफिसर, म्हणजे वरच्या लेखातल्या फोटोवाल्या पार्टीतला. आमचीही बाजू ऐका.

शंभर स्वयंसेवकांच्या युनिटमागे मी एकटा. प्रत्येकाचे दोन वर्षांत २४० तास भरायचे, म्हणजे वर्षाला १२०. त्यातले वीस ओरिएंटेशनचे, तीस कॅम्पसवर, सत्तर बाहेर. शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. हे सगळं लेक्चर, पेपर तपासणी आणि नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली सांभाळून. आता एखादा गट वर्षभर एका झेब्रा पट्ट्यामागे लागला, तर मी त्याच्या डायरीत काय लिहू? ‘वॉर्ड ऑफिसच्या बाकावर अडीच तास बसलो, साहेब साइटवर गेले होते.’ हे तास कोण मान्य करणार? बीच क्लीनअपला एका सकाळी शंभर जणांचे चार-चार तास सुटतात. हिशोब तुम्हीच करा.

दुसरा अडसर कॅलेंडरचा. जून-जुलै ॲडमिशनमध्ये जातो. मग गणपती, मग परीक्षा, दिवाळी. डिसेंबरात फेस्टिव्हल आणि शिबिर. फेब्रुवारीपासून पुन्हा प्रॅक्टिकल आणि परीक्षा. ‘वर्षभर’ म्हणजे हाताला लागतात चार-पाच महिने, तेही तुटक. पालिकेचं घड्याळ वेगळं. आम्ही परीक्षेत असतो तेव्हा त्यांचं उत्तर येतं आणि ते ऑफिसच्या ट्रेमध्ये पडून राहतं.

तरी चांगली बातमी अशी की नव्या शैक्षणिक धोरणात कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट आहे. आठवड्याला दोन तास धरले तर सेमिस्टरचे तीस तास, म्हणजे एक क्रेडिट. पूर्वी दहा ग्रेस मार्कांसाठी यायचे, आता क्रेडिटसाठी येतात. येतात हे महत्त्वाचं, हेतू नंतर बघू.

मागचा_बाक

@हजेरीपट सर, बाकावरचे अडीच तास धराच. किंबहुना दुप्पट धरा. त्या बाकावर शेजारी कोण बसलंय, ते कितव्यांदा आलेत, शिपाई कुणाला आत सोडतो आणि कुणाला नाही, हे पोरांनी डायरीत लिहिलं तर तुमच्या तपासणीला जो कुणी येईल तो ते पान आधी वाचेल.

@शंकासुर, मुद्दा खरा आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. गटापुरतं एवढं करते की गटप्रमुख मी किंवा सर नेमत नाही. पहिले दोन महिने कुणीच प्रमुख नसतो. मग चिठ्ठ्या टाकून मतदान. फेस्टिव्हल गाजवणारा हमखास हरतो आणि सगळ्यांना वेळेवर उत्तर देणारी एखादी गप्प मुलगी निवडून येते.

मॅनहोल

पालिकेत परिरक्षण खात्यात नोकरी केली, आता निवृत्त. खिडकीच्या आतल्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

कॉलेजची मुलं येतात, साहेबांच्या हातात निवेदन देतात, फोटो काढतात, जातात. निवेदनात लिहिलेलं असतं ‘परिसरातील विविध समस्या’. ‘विविध समस्या’ नावाचं खातं पालिकेत नाही. कचरा घनकचऱ्याकडे, पाणी जल खात्याकडे, गटार पावसाळी की मैल्याचं यावर खातं बदलतं, डास कीटकनाशकवाल्यांकडे. पाच विषयांचं एक निवेदन आलं की ते पाच टेबलांवर फिरतं आणि सहाव्यावर झोपतं.

मुलांना आधी शिकवा की ही वस्तू कुणाची. मुंबईत हा सोपा प्रश्न नाही. रस्त्यावरचा दिवा गेला, तर शहर भागात बेस्टकडे, उपनगरात बहुतेक ठिकाणी अदानीकडे, भांडुप-मुलुंडला महावितरणकडे. रस्ता पालिकेचा असेल, म्हाडाच्या लेआउटमधला असेल, रेल्वेच्या हद्दीतला असेल. दोन्ही द्रुतगती महामार्ग २०२२ पर्यंत एमएमआरडीएकडे होते, मग पालिकेकडे आले. त्याआधी लोक तिथल्या खड्ड्यासाठी आम्हाला शिव्या घालायचे. वस्तीतला संडास मोडला असेल तर आधी जमीन कुणाची ते बघा: पालिका, कलेक्टर, रेल्वे, खाजगी मालक. जमिनीवाल्याची ना हरकत नसेल तर पालिकेकडे पैसे असूनही वीट लागत नाही. एका गटाने सेमिस्टरभर एका गल्लीतल्या वस्तू कुणाच्या एवढीच यादी केली, तरी मी त्यांना पैकीच्या पैकी मार्क देईन.

अर्जाबद्दल. एक अर्ज, एक विषय. खांबावर नंबर रंगवलेला असतो, तो लिहा. नसेल तर समोरच्या दुकानाचं नाव लिहा. ‘शाळेजवळ’ असं लिहू नका, वॉर्डात शाळा किती आहेत! दोन प्रती करा. अर्ज साहेबांच्या हातात देऊ नका, आवक खिडकीवर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, क्रमांक घ्या. १९१६ वर फोन केलात तर तोही तक्रार क्रमांक वहीत उतरवा. शिक्का नसलेला अर्ज तुम्ही दिलाच नव्हता, असं समजा.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांत. मुलं लिहितात, ‘काम का झाले नाही?’ ‘का’ला उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, तो रेकॉर्डवर असलेलं देतो. ‘अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या कागदांच्या प्रती द्याव्यात’ असं मागा. तीस दिवस थांबा, मग पहिलं अपील. बऱ्याचदा प्रती द्यायची वेळ येऊ नये म्हणून काम आधी होतं. हे लिहायला नको होतं बहुतेक.

कुर्ला_फास्ट

@मॅनहोल काका, स्क्रीनशॉट घेतलाय. 🙏

मी चार वर्षांपूर्वी असाच ‘स्टुडंट लीडर’ होतो. मागचा_बाक ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलतो.

आमच्या गटाने सार्वजनिक शौचालयाच्या लाइटचा विषय घेतला होता. आत दिवा नव्हता, रात्री बायका जोडीने जायच्या. अर्ज, फेऱ्या, सगळं केलं, अर्ध्यावर आलं आणि आम्ही टीवायला, म्हणजे शेवटच्या वर्षाला गेलो. पुढच्या बॅचला काय दिलं? व्हॉट्सॲप ग्रुप. त्यात बाराशे मेसेज, त्यातले नऊशे गुड मॉर्निंग आणि ‘सर आज येणार का’. अर्जाच्या पीडीएफवर टॅप केलं तर डाउनलोड होईना, कारण टाकणाऱ्याने फोन बदलला होता. नवीन पोरांनी पहिल्यापासून सुरुवात केली, कंटाळली, आणि ‘स्वच्छतेचे महत्त्व’ यावर पथनाट्य केलं. त्याच शौचालयासमोर. दिवा नव्हताच.

तर माझं म्हणणं, काम एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) पोराला जोडीला घेऊनच सुरू करा. टीवायवाला एकटा हिरो नको. कागद वहीत, वही कॉलेजच्या कपाटात, चावी ऑफिसच्या क्लार्ककडे. आणि जुन्याने नव्याला एकदा वॉर्ड ऑफिसमध्ये स्वतः नेऊन क्लार्कशी ओळख करून द्यायची, “आता हा येईल.” ही ओळख ग्रुपवर फॉरवर्ड करता येत नाही.

विषय कुणी निवडायचा यावरही बोलायचंय, पण आता लोकलमध्ये आहे, दादर आलं.

जुना_गोरेगावकर

पाणी म्हटलं की आम्हाला मृणालताई गोरे आठवणारच. १९६१ ला त्या नगरसेविका झाल्या, गोरेगावच्या पाण्यासाठी एवढ्या भांडल्या की लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणायला लागले. राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतली पिढी ती. क्रेडिट वगैरे काही नव्हतं.

बाकी चालू द्या, वाचतोय.

गल्ली_नं_७

मी गोवंडीची. महिला मंडळ चालवते, संडासाच्या कमिटीवर आहे. भाचीने हा धागा पाठवला म्हणून लिहिते. राग मानू नका.

२००९ च्या मुंबईच्या मानव विकास अहवालात आमचा एम पूर्व वॉर्ड सगळ्यात खाली आला. तेव्हापासून आमच्याकडे सर्व्हे करणाऱ्यांची रांग लागलेली आहे. दर वर्षी जानेवारीत कॉलेजची मुलं येतात, गळ्यात आयकार्ड, हातात फॉर्म. घरात माणसं किती, पाणी किती वेळ येतं, संडास कुठे. मी म्हणते, बाळा, हे गेल्या वर्षीच्या मुलीने पण लिहून नेलं, तिच्याकडून घे ना. तिचा पत्ता कुणाला माहीत नसतो. आम्ही सांगितलेल्या आकड्यांचं पुढे काय झालं, ते सांगायला आजवर एकही कॉलेज परत आलेलं नाही. आणि हात धुवायचे कसे ते आम्हाला शिकवतात. हात धुवायला पाणी पहाटे चारला येतं, तेव्हा ये की शिकवायला.

मला मुलं नको आहेत असं नाही. मला कामाची हवीत. ऑनलाइन फॉर्म भरताना आमच्या बायका अडतात, आपले सरकारच्या साइटवर दाखल्याचा अर्ज अडकतो, माहिती अधिकाराचं उत्तर येतं ते कुणाला वाचता येत नाही. तिथे बसा. आणि बाई, तुम्ही म्हणता तसं मागे बसायला मुलांनाही शिकवा. आमच्या बायका स्वतः बोलतात. २०११ ला राइट टू पी, म्हणजे बायकांच्या मुताऱ्यांसाठीची मोहीम, सुरू झालं तेव्हा आमच्यासारख्याच बायका वह्या घेऊन गावभर संडास मोजत फिरल्या. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला पैसे, हे त्यांनीच पकडलं. त्यांना कुणी ‘लीडर’चं सर्टिफिकेट दिलं नव्हतं.

शेवटचं. तुमच्या त्या वीस मुलांत वस्तीत राहणारी किती आहेत, विचारलंत का कधी?

मागचा_बाक

@गल्ली_नं_७ ताई, राग कसला. नाही विचारलं. उद्याच विचारते, पण वर्गात हात वर करायला लावून नाही.

कुर्ला_फास्ट

मला हेच लिहायचं होतं, ताईंनी आधी लिहिलं.

ते लाइट नसलेलं शौचालय माझ्या घरापासून तीन गल्ल्या लांब होतं. सरांनी ‘वस्ती व्हिजिट’ म्हणून बसने नेलं, खाली उतरलो तर समोर आमचा दूधवाला. तो म्हणाला, “काय रे, आज कॉलेज नाही?” मी म्हटलं, कॉलेजच आहे. पूर्ण वेळ टोपी खाली ओढून उभा होतो. गटात कुणालाच सांगितलं नाही की मी इथला. गटातल्या एकीने मला समजावून सांगितलं की ‘या लोकांशी’ कसं बोलायचं असतं.

मुंबईतल्या उपनगरी कॉलेजांत निम्मी पोरं चाळीतली, वस्तीतली, एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) बिल्डिंगमधली असतात. आणि आपण त्यांना ‘समाज’ दाखवायला बसने नेतो! पुकार संस्थेच्या युवा फेलोशिपमध्ये माझी मावसबहीण होती. तिथे पोरांचे गट स्वतःच्याच जगण्यातला प्रश्न घेऊन वर्षभर त्यावर संशोधन करतात. तिच्या गटात सगळ्या तिच्याच चाळीच्या आसपासच्या होत्या. ती त्यानंतर घरी जशी बोलायला लागली, तशी मी तीन वर्षं एनएसएस करून बोलत नव्हतो.

तेव्हा विषय पोरांनी निवडायचा, आणि तो घराच्या पाचशे मीटरच्या आतला असावा.

साडेसातची_लोकल

थांबा, थांबा. आई म्हणून लिहितेय.

घराजवळचा विषय ऐकायला छान वाटतं. आमच्या शेजारच्या मुलाने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी गल्लीतल्या पाण्याच्या लाइनचा अर्ज केला. लाइनीवर दोन जोडण्या चोरून घेतलेल्या, हे गल्लीत सगळ्यांना माहीत. तिसऱ्या दिवशी मंडळाचे दोघे त्याच्या बाबांना दुकानात भेटायला आले. काही बोलले नाहीत, चहा प्यायले, “मुलगा हुशार आहे, अभ्यास करू दे” म्हणाले आणि गेले. बाबांनी मुलाला मामाकडे डोंबिवलीला पाठवला. अर्जावर घरचा पत्ता लिहायला कुणी सांगितलं होतं? त्याच्या मॅडमनी. मॅडम राहतात ठाण्याला.

वस्तीतल्या पोराला त्याच्याच गल्लीत पुढे करणं आणि बाहेरच्या पोराला तिथे नेणं, यातली जोखीम सारखी नाही. बाहेरचा संध्याकाळी घरी जातो. शिवाय मुलींचं वेगळंच. अंधाऱ्या रस्त्याचा सर्व्हे रात्रीच करावा लागतो, आणि रात्री पाठवायला आम्ही तयार नाही. मग त्या मुलीने मिनिट्सच लिहायचे का?

मागचा_बाक

@साडेसातची_लोकल, हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर डकवायला हवा.

माझं या बाबतीतलं धोरण सांगते, अपुरं आहे. पहिल्या वर्षी ज्यात कुणाची कमाई अडकलेली आहे असा विषय घ्यायचा नाही. चोरून घेतलेली जोडणी, फेरीवाल्यांचा हप्ता, मंडपाची परवानगी, बेकायदा मजला, हे बंद. भित्रेपणा म्हणा हवं तर. एकोणीस वर्षांच्या पोराच्या खांद्यावरून बंदूक चालवायचा हक्क मला नाही. दिवा, पट्टा, बसथांब्याचं छप्पर, दवाखान्याची वेळ, मतदार यादी, असे विषय भरपूर आहेत आणि तेही वर्षभर पुरतात.

अर्ज एकट्याच्या नावाने जाऊ देत नाही. गटाचं नाव, कॉलेजचा पत्ता, प्राचार्यांचं पत्र जोडलेलं. प्राचार्य पत्र द्यायला तयार नसतील तर तो विषय कॉलेजला झेपणारा नाही, असं समजून सोडायचा. आणि पोराच्या घरी एकदा मी स्वतः जाऊन येते. आईला भेटले की तासाभरात कळतं, त्या गल्लीत कोण कुणाला घाबरतं.

मुलींच्या बाबतीत, रात्रीचा सर्व्हे आया-मावश्यांना सोबत घेऊन केला. आठ मुली, पाच आया. मुलींनी खांबाचे नंबर लिहिले, आयांनी सांगितलं कुठल्या वळणावर कोण उभं असतं. ती दुसरी यादी आम्ही कुठे दिली नाही, पण कुठले दिवे आधी मागायचे ते तिच्यावरून ठरवलं.

हजेरीपट

मतदार यादीचं कुणी काढलंच नव्हतं, बरं झालं. आता वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्या तारखेला अठरा पूर्ण झाले की नाव घालता येतं, अर्ज सतराव्या वर्षापासून आधीच देता येतो. आम्ही कॉलेजमध्ये टेबल टाकतो, नवीन नावनोंदणीचा फॉर्म सहा भरून घेतो, आकडा वर कळवतो. पण अर्जाचं पुढे काय झालं हे बघायला कुणी टेबल टाकत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचे अर्ज पत्त्याच्या पुराव्यावर अडकतात, काहींची नावं गावच्या यादीत असतात आणि त्यांना पत्ता बदलायचा फॉर्म आठ हवा असतो. यंदा गटांना ‘किती भरले’ विचारणार नाही. ‘किती नावं यादीत दिसली’ विचारणार. आकडा पडेल, वरून फोन येईल. बघू.

फोटोचं पण सांगतो. कॉलेजला फोटो लागतो, टाळता येत नाही. मी अट बदलली. फोटो शेवटच्या दिवसाचा, काम झालेल्या जागेचा. बॅनर न धरता. व्यवस्थापनाने पहिल्या वर्षी कुरकुर केली, मग वार्षिक अंकात तोच छापला.

शंकासुर

मला एक कळत नाही. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर कितीतरी काळ पालिका प्रशासकाच्या हाती. त्या काळात कॉलेजात गेलेल्या पोरांनी कामावर असलेला नगरसेवक बघितलाच नाही. पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर. एवढ्या पैशात आपल्या वॉर्डाच्या वाट्याला काय आलं, हे विचारायला लावायचं सोडून तुम्ही त्यांना खांबाचे नंबर लिहायला लावताय. हे जरा बिनराजकीय, सोज्वळ नाही का होत? दिवे लागतील, पण दिवे का नव्हते हा प्रश्न राहिलाच.

मागचा_बाक

@शंकासुर, तुमच्याशी अर्धी सहमत. खांबापाशी थांबलं तर सोज्वळच होतं. मी थांबत नाही. पट्टा वीस पावलं लांब रंगला तेव्हा ‘जागा कोण ठरवतं’ विचारणारी मुलगी पुढच्या वर्षी वॉर्डाच्या अर्थसंकल्पाची पानं घेऊन आली होती, रस्त्यांच्या ओळीवर पेन्सिलने खुणा करून. तिला मी ७४ हजार कोटींपासून सुरुवात करायला सांगितलं असतं तर ती परत आली नसती. मोठ्या आकड्यासमोर पोरं माना डोलावतात. आपल्या शाळेसमोरच्या कामाला किती पैसे होते आणि ते कुठे गेले, हे कळलं की भांडायला उठतात. त्यातलं कुणी उद्या एखाद्या पक्षात गेलं तरी मला चालेल. कुठल्या, ते मी विचारत नाही.

गल्ली_नं_७

@मागचा_बाक बाई, मुलं पाठवायची असतील तर आधी दोघांना पाठवा, वीस नको. एक आमच्या भागातला, एक बाहेरचा. मंगळवारी दुपारी मंडळाच्या खोलीत बायका जमतात, तिथे बसायचं, फॉर्म भरायला मदत करायची, पहिला महिना सर्व्हे काढायचा नाही. पटलं तर पुढचं बोलू. आणि महिन्याच्या शेवटी त्यांनी काय लिहिलं ते आमच्या बायकांना वाचून दाखवायचं. ही अट आहे.

मागचा_बाक

मान्य. दोघीच पाठवते, एक नववी-दहावी गोवंडीतच शिकलेली आहे (विचारलं मी, एकेकाला बाजूला घेऊन, वीसपैकी अकरा जण वस्तीत किंवा चाळीत राहतात).

@मॅनहोल काका, एक विनंती. पोरांना वॉर्ड ऑफिसला नेण्याआधी कॉलेजातच एक खोटी आवक खिडकी मांडायचीय. तुम्ही खिडकीमागे बसाल का?

मॅनहोल

बसतो. शनिवार जमणार नाही, रविवारी सकाळी दहा ते एक. पंखा चालणारी खोली द्या आणि टेबल दारात आडवं लावा, म्हणजे आत कुणाला येता येणार नाही.

मी नियमाप्रमाणे वागणार. ‘साहेब साइटवर गेलेत’, ‘हे आमच्याकडे नाही, दुसऱ्या मजल्यावर’, ‘झेरॉक्स आणा’, सगळं म्हणणार. साडेअकराला चहाला उठणार. ज्याच्या प्रतीवर शिक्का बसला तो पास. रडारड केली तर चालेल, आवाज चढवला तर रांगेत शेवटी. प्रत्येकाने आपापल्या घराजवळच्या एकाच वस्तूचा अर्ज लिहून आणायचा, दोन प्रती. शिक्का माझ्याकडे नाही, नातवाचा बटाट्याचा करून आणेन.

@शंकासुर, तुम्हीही या. दुसऱ्या मजल्यावर बसायला माणूस हवाय.

शंकासुर

येतो. मी सगळ्यांना परत पहिल्या मजल्यावर पाठवणार.

हजेरीपट

माझेही दहा जण येतील. याचे तीन तास ओरिएंटेशनच्या वीसमध्ये धरतोय, डायऱ्या सोबत आणायला सांगा.